न वाळणारा पाऊस

नोव्हेंबर लागला की व्हँकुव्हरमध्ये उघड्यावर उभ्या असणाऱ्या गाड्यांच्या खिडक्यांच्या रबरावर हिरवी रेघ उमटायला लागते. ते शेवाळ असतं. रोज वापरातल्या गाडीलाही ते सोडत नाही आणि गाडी महिनाभर जागची हलली नाही तर नखाने खरवडावं लागेल इतकं जाड होतं. कोकणातून आलेल्या माणसाला शेवाळाचं काय अप्रूप, असं इथे नव्याने आलेल्या आपल्या मुलांना वाटतं. चिऱ्याच्या गडग्यावर, विहिरीच्या कठड्यावर ते लहानपणापासून पाहिलेलं असतं. पण तिथे नवरात्र सरता सरता कडक ऊन पडतं आणि सगळं वाळून कोळ होतं. इथे ऑक्टोबरात भिजलेली वस्तू उघड्यावर मार्चपर्यंत पुरती वाळतच नाही.

आकडे पाहिले तर हे आधी खरं वाटत नाही. व्हँकुव्हरच्या विमानतळावर वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत दोन हजारांच्या वर, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. मग एवढी ओल कुठून येते? इथला पाऊस झोडपत नाही, भुरभुरत राहतो. डिसेंबरात दुपारी सव्वाचारलाच सूर्य मावळतो आणि महिनाभराचं ऊन मोजलं तरी ते साठेक तासांच्या पुढे जात नाही. शिवाय थंडी. २० अंशांची हवा घनमीटरला १७ ग्रॅमपर्यंत वाफ धरून ठेवते, ५ अंशांची हवा जेमतेम ७ ग्रॅम. आधीच तुडुंब भरलेल्या थंड हवेत गाडीतलं पाणी उडून जाणार तरी कुठे? ते काचेला आतून लागतं, सीटच्या कापडात मुरतं आणि तिथेच राहतं.

बंगल्याला गॅरेज असलेल्यांचा हा प्रश्न नाही. आपली बहुतेक नवी मंडळी शेजारच्या सरेला नाहीतर बर्नबीला कुणाच्या तरी घराच्या तळमजल्यात भाड्याने राहतात. गॅरेज घरमालकाचं असतं, भाडेकरूची गाडी मागच्या गल्लीत मेपलखाली. ती जुनी असते, कर्जावर घेतलेली असते आणि पहाटेच्या पाळीला विमानतळ गाठायचा तर तिच्याशिवाय पर्याय नसतो. त्यातच घरी जायचा आपला मोसमही हाच. दिवाळीनंतर लग्नं लागतात, नाताळची सुट्टी जोडून मिळते आणि पाच-सहा आठवड्यांसाठी भारताची तिकिटं निघतात. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी हे इथले सर्वांत ओले महिने आणि नेमकी तेव्हाच गाडी एकटी उभी. म्हणून सामान भरण्याआधी दोन तास गाडीला द्या, असं मी प्रत्येकाला कळवळून सांगतो.

त्यातला पहिला अर्धा तास समोरच्या काचेच्या तळाशी द्यावा. बॉनेट उघडलं की वायपरच्या खाली प्लास्टिकची जाळी दिसते. काचेवरून ओघळणारं सगळं पाणी तिच्यातून एका पन्हाळीत उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांच्या मागे खाली पडतं. गाडीत येणारी ताजी हवाही इथूनच आत खेचली जाते. शरद ऋतूत मेपलची पानं आणि सीडरच्या बारीक खवलेदार डहाळ्या या पन्हाळीत साचतात, कुजतात आणि काळा गाळ होऊन भोकं बुजवतात. मग पाणी चढत चढत हवेच्या वाटेने आत शिरतं आणि पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पायाखाली उतरतं. वरून गाडी कोरडी ठणठणीत दिसते. कार्पेटवर हात फिरवला तरी फारसं कळत नाही, कारण पाणी त्याच्याखालच्या जाड फोमने पिऊन टाकलेलं असतं. त्याच फोमखालून तारा जातात. कित्येक गाड्यांत सीटखाली इलेक्ट्रॉनिक पेट्याही बसवलेल्या असतात. आठवडेच्या आठवडे त्या ओलीत राहिल्या की जोडांना गंज चढतो आणि एका सकाळी काचा खाली होत नाहीत किंवा डॅशबोर्डवरचे दिवे उगाच लागायला लागतात.

सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांतून खाली उतरतात. त्याही तुंबतात. वरून कपभर पाणी हळूच ओतावं आणि ते चाकांजवळ ठिबकतंय का ते पाहावं. दारांच्या खालच्या कडेलाही निचऱ्याची भोकं असतात, ती लाकडी काडीने मोकळी करावीत. या कामाला पैसा लागत नाही, पण बाजारात विकत मिळणाऱ्या कुठल्याही संरक्षणापेक्षा त्याचं मोल जास्त आहे. हवामान खात्याने वादळी पावसाचा इशारा दिला की इथली नगरपालिका लोकांना घरापुढच्या गटारांच्या जाळ्यांवरची पानं काढायला सांगते. गाडीचंही तेच काम आहे आणि ते घरी जायच्या आदल्या रात्रीवर ढकलता येत नाही, कारण डिसेंबरच्या अंधारात, गार पावसात ते कुणाच्यानेही धड होत नाही.

आपला पहिला विचार असतो तो ताडपत्रीचा. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणाऱ्यांचा तो संस्कार आहे आणि घराला तो योग्यही आहे, कारण छपराखाली वारं खेळतं. निळी प्लास्टिकची ताडपत्री गाडीला गच्च आवळून बांधली की जमिनीतून उठणारी वाफ तिच्या आतल्या अंगाला लागून गाडीवरच टपकत राहते. शिवाय वाऱ्यात फडफडणारी कड रंग घासून काढते. झाकायचंच असेल तर वाफ बाहेर सोडणारं, अनेक पदरी कापडी आवरण घ्यावं आणि ते धुतलेल्या, वाळलेल्या गाडीवरच घालावं. तसं मिळत नसेल तर गाडी उघडीच बरी. मात्र तिच्याखाली माती-गवत नको, काँक्रीट किंवा डांबर हवं. ओल्या गवतावर उभ्या गाडीचा तळ दिवसरात्र वाफेत राहतो.

आतली ओल काढण्यासाठी कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबे इथल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात. ते हवेतली वाफ ओढतात, पण त्यातून खारं पाणी साठतं आणि ते सांडलं तर पत्रा खातं. डबा खोल ट्रेमध्ये, सपाट जागी ठेवावा. सिलिका जेलच्या पिशव्या त्यापेक्षा निर्धोक. गरम करून पुन्हा वापरताही येतात. दोन्हींचा उपयोग काचा बंद असतील आणि कुठे गळती नसेल तरच. पायाखालच्या रबरी मॅट काढून घरात न्याव्यात. खाण्याचे कण झाडून घ्यावेत, कारण बुरशीला ओलीबरोबर अन्नही लागतं.

आता मित्राला सांगून जायची गोष्ट. ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेव रे’ असं सगळेच सांगतात. आग्रहाने म्हणतो, सांगू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. गाडी वीस-तीस मिनिटं रस्त्यावर पळाली तर ते वाफ होऊन बाहेर जातं. पाच मिनिटांत इंजिन तापतच नाही. पाणी सायलेन्सरमध्ये साचून त्याला आतून गंजवतं आणि इंजिनच्या तेलातही उतरतं. तेल भरायच्या झाकणाखाली मग पांढुरका, सायीसारखा थर दिसतो. बॅटरीही जेवढी खर्च होते तेवढी भरत नाही. मित्राने अर्धा तास चालवून आणावी, नाहीतर हात लावू नये. चालवायची तर विमाही तसाच हवा. ब्रिटिश कोलंबियात मूळ विमा आयसीबीसी या सरकारी संस्थेचाच असतो. तिची स्टोरेज पॉलिसी स्वस्त पडते, पण ती घेतली की गाडी खासगी जागेतच उभी करायची, रस्त्यावर आणायची नाही.

बाकीचं चटकन होतं. टाकी भरून ठेवावी. सपाट जागी हँडब्रेक न ओढता चाकांना अडण लावावी, म्हणजे गंजलेल्या डिस्कला पॅड चिकटत नाहीत. रस्त्यावर मीठ पडलं असेल तर तळ धुवून मगच उभी करावी. परतल्यावर हीटरबरोबर एसीही चालू करावा आणि हवा बाहेरून घ्यावी. थंडीत एसी लावायचा म्हटलं की लोक हसतात, पण काचेवरची वाफ तोच लवकर काढतो.

मार्चनंतर इथे जुन्या गाड्या विकायला निघतात आणि नवे विद्यार्थी त्या घ्यायला धावतात. नोव्हेंबर २०२१ च्या पावसात ॲबट्सफर्डची सुमास प्रेअरी पाण्याखाली गेली, तशा पुरात बुडालेल्या गाडीचा विमा-दावा झाला असेल तर नोंदींत तिचा माग निघू शकतो. मेपलखाली हिवाळाभर मुरत गेलेल्या गाडीची नोंद कुठेच नसते. म्हणून किंमत ठरवण्याआधी पुढच्या सीटसमोरच्या कार्पेटची कड उचलून खालचा फोम मुठीत दाबून पाहा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. बुरशीचे काळे ठिपके असतील तर ते शेवटच्या हातभर पट्ट्यातच सापडतात. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात बोटं घाला. आत सुगंधी फ्रेशनर टांगलेला असेल तर तो काढायला सांगा, दारं लावून दहा मिनिटं थांबा आणि मग आत बसून वास घ्या.