आईच्या चवड्याचं दुखणं

आदिलाबाद

चि. सुनंदास,

आईच्या पायाचं फोनवर नीट सांगता आलं नाही. दुखतं ते टाचेत नव्हे, चवड्यात. दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या बुडाशी. घरभर शहाबादी फरशी, तिच्यावर आई दिवसभर अनवाणी, आणि बाहेर झिजलेली स्लिपर. चालताना टाच उचलली की अंगाचा भार पाच लांब हाडांच्या टोकांवर येतो. वयाबरोबर तिथली चरबीची गादी पातळ होते. पोटऱ्या आखडलेल्या असतील तर टाच लवकर उचलली जाते, चवडा जास्त वेळ दाबला जातो. नुसतं तेल चोळून हा भार कसा हटणार?

आईचं म्हणणं वेगळंच. केसलापूरच्या नागोबा जत्रेआधी मेस्राम कुळातली गोंड माणसं गोदावरीतल्या हस्तिनमडुगूचं पाणी आणायला अनवाणी जातात. मग तिला घरातल्या घरात काय होतं? पण लहानपणापासून अनवाणी चाललेल्या पायाची घडणच निराळी. शिवाय सवयीपेक्षा एकदम जास्त चाललं की कणखर पायही हार खातो. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या डॉक्टरनं 1855 मध्ये कवायतीनंतर सुजलेल्या पायांची नोंद केली होती. एक्स-रे आल्यावर कळलं, त्या सुजेमागे हाडाला गेलेली बारीक चीर असते. सुरुवातीच्या एक्स-रेत ती अनेकदा दिसतच नाही. म्हणून आईच्या पावलाच्या वरच्या बाजूला सूज आली, किंवा हाडावर बोट टेकताच ती कळवळली, तर थांबायचं नाही. थेट इथल्या रिम्स रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये जळजळ, चपलेत खडा अडकल्यासारखं वाटणं, हे नस दाबल्याचं लक्षण. आईला तसं नाही.

चपलेत घालायची मऊ उशी बहुतेक जण दुखऱ्या जागेखालीच ठेवतात. ती किंचित मागे, टाचेच्या बाजूला हवी. तरच हाडांची टोकं मोकळी होतात. घरातही जाड तळाची चप्पल, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण. तिला बीपी आहे, तेव्हा दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून द्यायच्या नाहीत. घट्टे ब्लेडनं कापणंही बंद. साखर तपासून घेऊ. मधुमेहात पाय बधिर झाला तर जखमसुद्धा दुखत नाही, आणि ते जास्त घातक.

तू येताना पुढून रुंद, बसक्या टाचेची चप्पल आण. माप संध्याकाळी, तिला उभं करून कागदावर काढून पाठवतो. त्या वेळी पाऊल थोडं फुगलेलं असतं.

तुझा,
दादा