उद्यमबागेतला निळा

बेळगावला पाहुणे आले की आपण त्यांना किल्ला दाखवतो, कमल बस्ती दाखवतो आणि निघताना हातात कुंद्याचा डबा देतो. उद्यमबागेत मात्र कुणी नेत नाही. टिळकवाडीचं तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रोडने पुढे गेलं की फाउंड्र्या, लेथ आणि छोट्या-मोठ्या वर्कशॉपची रांग लागते.

मला तिथल्या शेडमध्ये नेलं आरटू-डीटूने. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधला हा बुटका, घुमटाच्या डोक्याचा रोबो जगभरचे हौशी लोक पूर्ण आकारात घरी बनवतात. माझ्याकडे अॅल्युमिनियमचा घुमट आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेले भाग होते. मोटर आणि कोड हे माझं रोजचंच काम. प्रश्न होता निळ्या रंगाचा. या निळ्यातून खालच्या धातूची चमक दिसते. उजेड बदलला की तो जांभळट वाटतो. पहिल्या चित्रपटातल्या अंतराळातल्या काही दृश्यांत तर तो काळा दिसतो, कारण निळ्या पडद्यासमोर चित्रीकरण करताना निळा भाग चालत नसे.

डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमधल्या काकांनी घुमट फिरवून पाहिला. “बुलेटच्या टाकीसारखंच हाय की हे!” म्हणाले.

मग काम सुरू झालं. प्रिंटच्या बारीक रेषा लांबी भरून, वॉटर पेपरने घासून घालवल्या. त्यावर सरफेसर, पुन्हा घासणं. प्लॅस्टिक आणि धातू सारखे दिसावेत म्हणून दोन्हींवर आधी चांदी रंग. त्यावर पारदर्शक निळ्याचे पातळ हात आणि शेवटी क्लिअर. प्रत्येक हाताने निळा गडद होतो, म्हणून सगळे भाग एकाच वेळी, मोजून तितक्याच हातांनी मारायचे. गन भागाच्या अलीकडे सुरू करायची आणि पलीकडे जाऊन सोडायची. धूळ उडू नये म्हणून आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं.

“काका, आजच मारूया का?”

“थांबा की ओ. हवेत पाणी हाय. धुरकट होईल.”

बेळगावच्या पावसाळ्यात हे थांबणं आठवड्यांचं असतं. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. काका मीटर बघत नाहीत. पत्र्यावर हात फिरवून सांगतात.

हे शिकायला आता त्यांच्याकडे कुणी नाही. मुलगा बेंगळूरला कंपनीत आहे. हाताखालची दोन पोरं गोव्याला गेली. काकांना त्याचं नवल वाटत नाही, कारण या कामात छाती जाते. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात; त्यांनी दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने ते अडत नाहीत. मी फिल्टरचे दोन मास्क नेले. काका आधी हसले. पण शेवटचा हात मारताना त्यांनी मास्क लावला, आणि काम संपल्यावर तो गनशेजारच्या खिळ्याला अडकवला.

दिवाळीला गावी आलात तर मुलांना एकदा या रस्त्याने चालत न्या. हवा तेव्हा कोरडी होऊ लागते आणि शेडमध्ये साठलेली कामं निघतात. मुलांना हवं ते विचारू द्या. जाताना एखादा चांगला मास्क सोबत घ्या.