तांब्याची तार

आमच्या धरणगांवच्या घरांत प्रथम वीज आली तेव्हां तिच्याकडे काम फारसें नव्हतें. दिवेलागणीला चार खोल्यांतून चार दिवे लागले कीं झालें. १९६८ सालीं वडिलांनीं मोठ्या हौसेनें सागवानी तुळयांवर लाकडी पट्ट्या ठोकून घेतल्या, त्यांवरून तारा नेल्या आणि भिंतींवर काळीं वाटोळीं बटणें बसविलीं. तारा ॲल्युमिनियमच्या होत्या. त्यांत वडिलांची काटकसर होती असें नव्हे. त्या काळीं तांबें बहुतांशीं परदेशांतून आणावें लागे, परकीय चलनाची ओढाताण असे, आणि ॲल्युमिनियम तर देशांतच होऊं लागलें होतें. सरकारही त्याचाच पुरस्कार करी. वडिलांना ती पांढरी तार म्हणजे स्वदेशीचा विजय वाटे.

वडील आज नाहींत. गेल्या वैशाखांत मी घरीं असतां एका दुपारीं आईच्या खाटेमागील बोर्डांतून जळका वास आला. खानदेशचा उन्हाळा ज्यांनीं भोगला आहे त्यांना सांगावयास नको कीं पारा ४५ अंशांवर गेल्यावर म्हाताऱ्या माणसाच्या उशाशीं असलेला कूलर ही चैन राहत नाहीं. तो बंद करणें कठीण, आणि चालू ठेवणें त्याहून कठीण; कारण वर धाब्याचें छत आणि त्याखालीं पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलें सागवान!

वायरमनकाकांनीं बोर्ड पाहिला आणि सगळ्या घरांत तांब्याची तार घाला म्हणून सांगितलें. दादांना तें रुचलें नाहीं. "बाबांनीं घातलेली तार पन्नास वर्षें चालली," ते म्हणाले, "आणि एका दिवसाच्या वासानें ती वाईट ठरली होय?"

प्रश्न अगदींच गैरवाजवी नव्हता. विजेला वाट करून देण्यांत धातूंचा क्रम असा: चांदी पहिली, तांबें तिच्या किंचित् मागें, मग सोनें, आणि चौथें ॲल्युमिनियम. (जळगांवच्या सराफ बाजारांत सोनें तांब्याच्या मागें बसतें हें कोणाला पटावयाचें नाहीं!) चांदीची तार कोण घालणार म्हणाल, तर तेंही घडलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत तांब्याची टंचाई पडली, तेव्हां ओक रिजच्या अणुकारखान्यांतील विद्युच्चुंबकांच्या वेटोळ्यांसाठीं सरकारी खजिन्यांतून चौदा हजार टनांहून अधिक चांदी उसनी नेली होती. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या शेंकडा ६१. तेवढीच वीज न्यावयाची तर त्याची तार दीडपटीहून जाड घ्यावी लागते. पण ती वजनाला निम्मीच भरते. म्हणूनच भुसावळजवळच्या दीपनगराहून केळीच्या बागांवरून जाणाऱ्या उंच तारा ॲल्युमिनियमच्या असतात, पोटांत पोलादाचा कणा घेऊन. तेथें तांबें घालणारा वेडा ठरेल. मग दादांचें काय चुकलें?

चुकलें तें सांध्याशीं. ॲल्युमिनियमला हवा लागली कीं क्षणांत त्यावर एक पातळ पापुद्रा चढतो. तो धातूचें रक्षण करतो खरा, पण विजेला अडवितो. शिवाय हा धातु मऊ. स्क्रूच्या दाबाखालीं तो वर्षानुवर्षें हळूहळू सरकत राहतो. तापला कीं तांब्याहून अधिक फुगतो, निवला कीं तितकाच आकसतो, आणि दर खेपेस स्क्रूची पकड थोडी ढिली होते. उंच मनोऱ्यांवरचे सांधे थोडे आणि जाणत्यांनीं दाबून केलेले. घरांतले मात्र दिव्यागणिक, बटणागणिक. अमेरिकेंतही १९६५ नंतर तांबें महागल्यामुळें लाखों घरांत ॲल्युमिनियम गेलें होतें. तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगानें पुढें सांगितलें कीं १९७२ पूर्वींच्या अशा तारांच्या घरांत एखादा तरी सांधा आगीच्या बेतापर्यंत तापण्याचा संभव तांब्याच्या घरांच्या ५५ पट आहे.

आणि पन्नास वर्षें ती चालली कशी, याचेंही उत्तर आहे. चाळीस वॅटचे चार दिवे मिळून पाऊण अँपियरही प्रवाह नव्हता. आतां कूलर, पंप, इस्त्री, शीतकपाट एकदम चालले तर दहा अँपियर सहज होतात. प्रवाह चौदापट झाला म्हणजे त्याच ढिल्या सांध्यांतली उष्णता चौदापट होत नाहीं. चौदाचा वर्ग, म्हणजे सुमारें दोनशेंपट होते. तार तीच राहिली; घर बदललें.

हें सारें मीं दादांना सांगितलें आणि त्याचा कांहींएक परिणाम झाला नाहीं. शेवटीं मेन बंद करून मीं बोर्ड उघडला व त्यांना आंतल्या स्क्रूला हात लावावयास सांगितलें. तो पेंचकसावांचून, नुसत्या बोटांनीं फिरला. दादा बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "तार किती लागेल?"

लागली ती बरीच, आणि भावही बरा नव्हता. आईनें तो आंकडा ऐकला आणि माळ्यावरचा आपला तांब्याचा बंब काढावयास लावला. "हा घ्या. तांब्याचेंच तांबें होऊं द्या," ती म्हणाली. तिला समजावून सांगावें लागलें कीं तारेचें तांबें जवळजवळ निर्भेळ असावें लागतें. डाकाचें कथील किंवा दुसरी बारीकशी भेसळही वाहकता घटविते. बंबाची तार होत नसते, मोड होते. "मग मोडींत द्या," ती शांतपणें म्हणाली. दादांनीं बंब पुन्हां माळ्यावर नेऊन ठेवला आणि पैसे कोठून आणले हें मला अद्याप सांगितलेलें नाहीं.

जुन्या तारांचें भेंडोळें मी एका हातानें उचलून बाहेर नेलें. इतक्या वर्षांचा उजेड, आणि वजन कांहींच नाहीं. देवघरांतला एक दिवा तरी बाबांच्या तारेवर राहूं द्यावा असें दादांच्या मनांत होतें, पण तांबें आणि ॲल्युमिनियम उघडे एकत्र वळले तर ओलाव्यानें सांधा खातो, म्हणून वायरमनकाकांनीं साफ नाहीं म्हटलें. काळें वाटोळें बटण तेवढें भिंतीवर राहूं दिलें. त्याच्यामागें आतां तार नाहीं. आई दिवेलागणीला अजून आधीं तेंच दाबते, आणि मग स्वतःशींच हंसून दुसऱ्या बटणाकडे वळते.