शिरगणती फेब्रुवारीत, गाव गणपतीत

राजापूर रोड स्टेशनवर उतरलो तरी राजापूर अजून दूरच असते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, ती डोंगर, नद्या आणि बोगद्यांचे गणित सांभाळत. गावांची सोय त्यानंतर. तिथून राजापूर, मग ओणीचा फाटा आणि पाचलवरून अणुस्कुरा घाटाच्या पायथ्याकडे, अशी माझी वाट. मुंबईहून इथवर रातोरात येता येते, अडते ते फाट्यापासून पुढे. कोकणातले गाव एका जागी नसतेच. पऱ्याच्या अल्याड एक वाडी, साकव ओलांडून दुसरी, आणि धनगरवाडा पार वर, उतारावर. एसटी मधल्या वाडीपर्यंत आली की कागदावर सगळ्या गावाला बस मिळते. वरच्या वाडीची पायपीट त्यात दिसत नाही.

या रस्त्याने जाताना कुलूपबंद घरे मोजावीशी वाटतात, कारण सरकारी सोयी माणसे मोजूनच मिळतात. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने मैदानी भागात ५०० आणि डोंगरी राज्ये, वाळवंट, आदिवासी क्षेत्रे यांत २५० लोकवस्तीची अट घातली. कोकण कितीही डोंगराळ असले तरी महाराष्ट्र डोंगरी राज्यांत मोडत नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये १६ लाख १५ हजार झाली. राज्य वाढत असताना जिल्हा घटला. माणसे कमी म्हणून गाडी नाही आणि गाडी नाही म्हणून माणसे आणखी कमी, असे हे चक्र आहे. परिणामालाच निकष केले की ते थांबत नाही. शिवाय ही मोजणी होते फेब्रुवारीत. २०११ ची गणना संपली आणि तीन आठवड्यांत शिमगा आला. पालखीला चाकरमानी हजर, पण यादीत नाहीत.

गणपती-शिमग्याला येणाऱ्या दहा दिवसांच्या पाहुण्यांसाठी बारमाही सोय कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण बाराही महिने इथे कोण राहते? २०११ मध्ये जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मागे राहिलेल्या बायका आणि म्हातारी माणसे यांच्यापाशी मोटारसायकल क्वचितच. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आणि २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. पण जिथे लाल गाडी फिरकत नाही, तिथे ही सवलत रिक्षावाल्याला कशी दाखवायची? रिकाम्या गाडीचा तोटा आगाराच्या हिशेबात चढतो, रिक्षाचे भाडे कुणाच्याच हिशेबात चढत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रस्ता झाला की गाव उलट लवकर ओस पडते. सॅम आशर आणि पॉल नोवोसाद यांनी ग्रामसडक योजनेचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. रस्त्यांमुळे लोक शेतीबाहेरच्या कामाकडे वळले, शेती किंवा उत्पन्न मात्र फारसे वाढले नाही, असे त्यांना आढळले. हे मान्य करूनच बोलले पाहिजे. नुसत्या डांबराने सुबत्ता येत नाही. पण बाहेर कामाला जाणे म्हणजे गाव सोडणेच, असे नाही. कोकणी माणूस गिरण्यांसाठी मुंबईला गेला तो रस्त्यांच्या कितीतरी आधी, गलबतातून आणि आगबोटीतून. संध्याकाळी परतता येते की नाही, यावर सारे ठरते, आणि ते वेळापत्रकाच्या हातात आहे. म्हणून माझ्या मते वस्तीच्या गाडीइतकी मोलाची सोय दुसरी नाही. ती रात्री गावात मुक्कामाला येते आणि पहाटे सुटते, म्हणजे कॉलेज, दवाखाना आणि तालुक्याची नोकरी, तिन्ही गावात राहून जमतात. दुपारी बाराला येऊन लगेच परतणारी फेरी कागदावर तितकीच एक फेरी.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनही १ मार्च २०२७ हाच आहे, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. बर्फाळ प्रदेशांसाठी मात्र १ ऑक्टोबर २०२६ हा वेगळा दिवस ठरला आहे. कोकणासाठी तेवढेही मागायला नको. ग्रामपंचायतींनी वाडीवार यादी स्वतः करावी: कोणाला, किती वाजता, कुठे जायचे असते आणि परत कधी यायचे असते. ती ग्रामसभेत मंजूर करून आगारप्रमुखांकडे द्यावी, आणि गाडी मागताना वस्तीचीच मागावी.