आता तू बघ

आईच्या आजारपणात सगळं माझ्याच हाती असल्यासारखी मी धावते आहे. औषधांच्या वेळा, पथ्य, तपासण्या. रात्री मात्र छाती धडधडते.

आज तुकोबा आठवले. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्यावर 13 दिवस ते देहूला अन्नपाण्याविना बसून राहिले, असं परंपरा सांगते. एवढा मोठा कवी, पण आपल्याच्यानं आता काही होत नाही हे त्यांनी लपवलं नाही. विठ्ठलाशी भांडले. मला ते भांडणच खरा विश्वास वाटतं. परक्याशी कोण भांडतं?

मग चंदनसारच्या रस्त्यावरून जीवदानी देवीच्या डोंगराकडे पाहिलं. नवस बोलले नाही. ‘जीवदानी आई, मी थकले, आता तू बघ,’ एवढंच म्हणाले. औषधं मी वेळेवर देईनच. बरं करणं माझ्या हातात नाही.