वाटाड्यासोबत विवरात

जिंतूरहून मंठ्यामार्गे लोणार तसं जवळच. बरेच जण काठावरूनच सरोवर डोळे भरून पाहतात आणि परततात. आज वाटाड्याचं बोट धरून थेट खाली उतरलो, आणि त्या जागेशी खरी ओळख झाली.

उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पण आकड्यांनी जे कळत नाही, ते वाटाड्याने पाण्याकाठी दाखवलं. ओंजळभर पाण्यात चिमूटभर हळद टाकली. पिवळा रंग बघता बघता लालसर झाला. पाणी किती क्षारयुक्त आहे, हे वेगळं सांगावं लागलं नाही. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं, ते क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे, हेही त्याच्याकडूनच ऐकलं. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. मोराची पिसं, दगड काहीही उचलू नका, असं तो वारंवार बजावत होता. त्या बजावण्यात नोकरीपेक्षा जिव्हाळा जास्त होता.

आपल्या जिंतूरलाही नेमगिरीची लेणी आहेत, पूर्णेवरचं येलदरी धरण आहे. तिथेही असे जाणते वाटाडे हवेत. शाळेतल्या पोरांना डोंगर चढवत दगड, झाड, पाखरू नावानिशी ओळखायला शिकवणारे. ज्याची ओळख असते, त्याचीच माणूस काळजी घेतो. गावातल्या तरुणांना हे काम शिकवलं, तर पोट भरेल आणि डोंगरही राखला जाईल.