वेळापत्रकातलं मानसशास्त्र

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर कोचिंग क्लासच्या पाट्यांची दाटी आहे. त्यांतल्या बऱ्याच ‘रीट’च्या, म्हणजे राजस्थानच्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या. या परीक्षेत बालविकास आणि अध्यापनपद्धतींवर ३० प्रश्न येतात. महाराष्ट्राच्या टीईटीतही बालमानसशास्त्राचे तेवढेच. मग पियाजे, व्हायगॉट्स्की, स्किनर, कोहलबर्ग या मानसशास्त्रज्ञांचा घोकून घ्यायचा तक्ता तयार होतो. सात ते अकरा वर्षं म्हटलं की पियाजेची मूर्त क्रियात्मक अवस्था, पुढचा प्रश्न. मुलं कशी शिकतात हे शिकवणारा विषय आपण निव्वळ पाठांतरावर उरकतो.

याच शहरात मी भावी शिक्षकांना शैक्षणिक मानसशास्त्र शिकवते. अध्यापनाचा हा पाया आहे, असं अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. मला ते मान्य आहे, पण एका अटीवर. शिक्षकाच्या डोक्यात मानसशास्त्र असून भागत नाही. ते वेळापत्रकात, बसण्याच्या रचनेत आणि वर्गाच्या रोजच्या रिवाजांत उतरावं लागतं.

पहिली-दुसरीतली पुष्कळ मुलं ‘पच्चीस’ म्हटलं की ५२ लिहितात. शिक्षक म्हणतो, लक्ष नाही. दहा वेळा लिहून आण. खरं तर मुलाचं लक्ष होतं म्हणूनच ५२ आले. हिंदीत काय नि मराठीत काय, पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. कानावर पडलेला क्रम हाताने इमानाने पाळला. चिनी भाषेत हाच आकडा ‘दोन दहा पाच’ असा वाचतात. तिथे नावातच स्थानिक किंमत उघड दिसते. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ धर्तीचं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! विधिमंडळातही त्यावरून कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मात्र सांगत राहिल्या, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं बिचकतात. प्रश्न मानसशास्त्राचा होता. चर्चा अस्मितेची झाली.

अशी चूक दिसली की मुलाला विचारावं, “तू हे कसं केलंस?” आणि मग थांबावं. इतकं सोपं. पण चाळीस मुलं, पस्तीस मिनिटांचा तास आणि अमुक तारखेपर्यंत अमुक धडा संपवायचा, या हिशेबात थांबायचं कुठे? माझे विद्यार्थी सराव पाठाहून परततात तेव्हा हेच म्हणतात, “मॅडम, विचारायला वेळच नाही.” त्यांचं खरं आहे.

म्हणूनच मला जयपूरच्या ‘दिगंतर’ या संस्थेचं महत्त्व वाटतं. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात डेव्हिड हॉर्सबर्ग यांनी ‘नीलबाग’ ही शाळा काढली होती. तिथे तयार झालेले रोहित धनकर आणि रीना दास यांनी १९७८ साली जयपुरात मूठभर मुलांना घेऊन काम सुरू केलं. पुढे ते जगतपुऱ्याच्या आसपासच्या गावांत गेलं. इथे इयत्ता बाजूला ठेवल्या गेल्या. वेगवेगळ्या वयांची मुलं एका गटात, प्रत्येकाची गती वेगळी, पास-नापासचा निकाल नाही, शिक्षा नाही. वरवर ही उदार वृत्ती वाटते. माझ्या लेखी ती कामाची मांडणी आहे. सगळ्यांना एकच पान एकाच वेळी शिकवायचं नसेल, तर चार मुलं आपापलं काम करत असताना शिक्षक पाचव्याजवळ बसू शकतो. ‘विचार आणि थांब’ याला जागा मिळते ती अशी.

त्या जागेत काय हाती लागतं? ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या रस्त्यांवर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक समोर असताना या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच आकडे कागदावर नुसत्या उदाहरणांसारखे मांडले तेव्हा ३७ टक्के. बारा वर्षांच्या एका विक्रेत्याने पस्तीसला एक या भावाने चार नारळांचे १४० तोंडी सांगितले. कागदावर मात्र हातचे दोन आधी तिनात मिळवले, मग चाराने गुणलं आणि लिहिले २००. दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांतल्या मुलांवर असंच संशोधन २०२५मध्ये आलं. त्यात उलट बाजूही दिसली: शाळेत गणित शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जड गेला. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संशोधकांनी धारावीतल्या मुलांचं असं बाहेरचं गणित अभ्यासलं आहे. जयपूरच्या बाजारांत फिरताना मला हे आठवतं. मुलाकडे गणित असतं. त्याच्या गणितापासून पाटीवरच्या गणितापर्यंतचा पूल बांधायचं काम शाळेच्या वेळापत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं.

रिवाजांचंही तसंच. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात मुलांना कागदावरची भुलभुलय्याची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केलेली नसताना दलित मुलं सवर्ण मुलांच्या बरोबरीने होती. सर्वांसमोर जात पुकारली की ती मागे पडली. बुद्धी तीच, कोडं तेच. आता शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात जात उच्चारून वाचली जाते तेव्हा काय होत असेल, ते पाहा. इथे शिक्षकाला सहानुभूतीचं व्याख्यान देऊन उपयोग नाही. यादी वर्गात वाचू नका, एवढा नियम पुरेसा आहे.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं त्यांनी बाजूला ठेवली. शिंपले, गोटे, बिया घेतल्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली; गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मुलाच्या जगातून शिकणं सुरू होतं हे तत्त्व माँटेसरीही सांगत होत्या. ताराबाईंनी त्या तत्त्वाला पत्ता दिला.

मानसशास्त्राची मर्यादाही सांगायला हवी. मूल कसं शिकतं ते हे शास्त्र सांगेल; काय शिकवावं आणि कशासाठी, ते नाही सांगणार. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९९मध्येच शिक्षकांना बजावलं होतं, की या शास्त्रातून अध्यापनाची कृती आयती निघत नाही. मधली शोधक बुद्धी शिक्षकाचीच. दिगंतरचे धनकर तर आयुष्यभर शिक्षणाच्या तत्त्वज्ञानावरच भर देत आले आहेत.

तेव्हा माझी मागणी लहान आहे आणि ती प्रशिक्षणार्थींपेक्षा मुख्याध्यापकांकडे आहे. आठवड्यातला एक तास शिक्षकांना वह्या घेऊन एकत्र बसू द्या. गुण मोजायला नव्हे. एकेक चुकीचं उत्तर मधे ठेवून ते कुठून आलं असेल ते शोधायला. त्या तासात पियाजेचं नाव निघालं नाही तरी चालेल. पण तो तास वेळापत्रकात छापलेला हवा, कारण शाळेत जे छापलेलं नसतं ते होत नाही.